बैठक जमली की मजल जमते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय चारचौघांत बोलायला जरा अवघड आहे. लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या कोणालाही विचारा. गिअर किती, टायरमध्ये हवा किती, कुठला घाट न उतरता चढला, हे तो भरभरून सांगेल. पण पन्नास-साठ किलोमीटरनंतर बसायच्या जागेची जी आग होते, दुसऱ्या दिवशी खुर्चीवर टेकताना जी कळ येते, तिच्याबद्दल तो मूग गिळून बसतो. अर्थात त्या दिवशी 'बसतो' हा शब्दही त्याला जडच जातो.

यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. डोळ्यांना आपल्याकडे नयन, नेत्र, लोचन असे एकाहून एक देखणे शब्द आहेत. हाताला कर आहे, पायाला चरण आहे. पण ज्याच्या आधारावर माणूस अर्धं आयुष्य बसून काढतो, त्या भागाला चारचौघांत उच्चारावा असा शब्द नाही. 'बूड' आहे, पण ते तांब्यालाही असतं. बाकीचे शब्द एकतर भांडणातले, नाहीतर डॉक्टरांच्या कागदावरचे. शब्द नाही म्हणून तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून उपाय नाही. मी आज 'बैठक' हा शब्द वापरणार आहे. गाण्याला बैठक लागते, तालमीत बैठका माराव्या लागतात. सायकललाही बैठकच लागते.

हा विषय वरवर क्षुल्लक वाटेल. पण चाळिशी-पन्नाशीची कितीतरी माणसं साखर आणि रक्तदाबाच्या धाकानं हौसेनं सायकल घेतात, महिना-दोन महिने चालवतात आणि मग ती सायकल गॅलरीत उभी राहते. माझ्याच ओळखीत अशा तीन-चार सायकली आहेत, ज्यांच्यावर आता टॉवेल वाळतात. मालकांना विचारलं तर वेळ नाही, रस्ते खराब आहेत, असं सांगतात. खोदून विचारलं की हळू आवाजात खरं कारण येतं. बैठक दुखत होती. हे आपलं काम नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं. काम त्यांचंच होतं, सीट मात्र त्यांची नव्हती.

दुसऱ्या टोकाला सहनशक्तीवाले आहेत. 'दुखणारच, कातडी निबर झाली की थांबेल,' असा त्यांचा सल्ला असतो. यात अर्धं सत्य आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बसायची हाडं दुखतात आणि सवयीनं ते कमी होतं. पण कातडी सोलवटणं, गळू होणं आणि जागा बधिर होणं ही सवयीनं जाणारी दुखणी नव्हेत. फ्रान्सचा लुईझों बोबे हा १९५३, १९५४ आणि १९५५ अशी सलग तीन वर्षं 'टूर द फ्रान्स' जिंकलेला सायकलपटू. १९५५ची शर्यत त्यानं बैठकीवरच्या गळवांसह पुरी केली आणि नंतर त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्याच्यासारखी निबर कातडी आपण कुठून आणणार? तेव्हा सहन करणं हा उपाय नाही. मुळात हे होतं कसं, ते समजून घेणं हा उपाय आहे.

कारणं तीन: दाब, घर्षण आणि ओल. २०० किलोमीटरच्या 'ब्रेव्हे'ला साडेतेरा तासांची मुदत असते. समजा, त्यातले दहा तास तुम्ही पेडल मारलं, मिनिटाला ७५ फेऱ्यांच्या वेगानं. म्हणजे प्रत्येक मांडी सीटच्या कडेवरून ४५ हजार वेळा जाते. कपड्याची एखादी बारीकशी शिवण ४५ हजार वेळा एकाच जागी घासली गेली, आणि तीही घामानं भिजलेल्या कातडीवर, तर काय होईल ते सांगायला नको. ओली कातडी मऊ पडते आणि लवकर सोलवटते. सोलवटलेल्या जागेतून जंतू आत शिरतात आणि त्याचंच पुढे गळू होतं.

आता दाबाचं बघू. आपल्या कमरेच्या हाडांच्या तळाशी दोन उंचवटे असतात. कडक बाकावर बसून हात खाली घातला की ते बोटांना लागतात. निसर्गानं बसण्यासाठी दिलेत ते हेच. त्या दोघांच्या मधल्या मऊ भागातून नाजूक नसा आणि रक्तवाहिन्या जातात. भार हाडांवर पडला तर माणूस तासन्‌तास बसू शकतो. भार मधल्या भागावर पडला की मुंग्या येतात, बधिरपणा येतो. हा बधिरपणा म्हणजे शरीरानं वाजवलेली घंटा आहे. ती वाजली की लगेच पेडलवर उभं राहायचं, नाहीतर उतरून चार पावलं चालायचं. आणि घरी आल्यावर सीट तपासायची.

सीट कशी असावी? पूर्वी गावोगाव दूध घालणाऱ्या गवळ्याच्या सायकलला खाली दोन जाड स्प्रिंगा असलेली रुंद सीट असे. गवळी ताठ बसायचा, सगळा भार मागे पडायचा, म्हणून त्याला ती रुंदीच योग्य होती. आजच्या वेगाच्या सायकलवर माणूस पुढे वाकतो, थोडा भार हातांवर जातो, थोडा पायांवर. तिथे रुंद सीट मांड्यांच्या आड येते आणि घासते. म्हणून ती सीट अरुंद. अरुंद सीट बघून घाबरायचं कारण नाही, आणि गवळ्याच्या सीटला हसायचंही कारण नाही. जसं बसणं, तशी सीट.

लोकांची पहिली धाव मात्र मऊपणाकडे असते. दुकानातून जेलचं फुगीर कव्हर आणायचं आणि सीटवर चढवायचं. आमचं घर पिंजाऱ्याचं. वडील सायकलला धनुकली बांधून गावोगाव फिरायचे, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. कोणी म्हणालं, 'चाचा, कापूस जरा जास्त घाला, मऊ होऊ द्या,' की ते हसून नकार द्यायचे. गादी मऊ असून भागत नाही, भरीव असावी लागते, असं त्यांचं म्हणणं. नुसत्या मऊ गादीत माणूस रुततो आणि सकाळी पाठ धरून उठतो. सीटचंही तंतोतंत तसंच आहे. जाड, मऊ सीटमध्ये दोन्ही हाडं खाली रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन नेमका नाजूक भागावर दाबतो. अर्ध्या तासाच्या फेरीला ती सुखाची वाटते, तीन तासांनी वैरीण होते. गादीला जागोजाग टाके घालतात ते कापूस सरकू नये म्हणून. सीटवरचं सैल कव्हर सरकत राहतं आणि प्रत्येक सरकण्यागणिक घासतं, कारण त्याला टाका नसतो.

मग मऊपणापेक्षा काय बघायचं? माप. बुटाला आपण नंबर विचारतो, सीटला कोणीच विचारत नाही. घरच्या घरी एक सोपी युक्ती आहे. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्या, कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, टाचा थोड्या उचला आणि किंचित पुढे झुका. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बहुतेकांचं ते १० ते १४ सेंटिमीटरच्या आसपास येतं. सीटची मागची रुंदी त्याहून दोन-तीन सेंटिमीटर जास्त असली की दोन्ही हाडं सीटवर नीट टेकतात. बायकांमध्ये हे अंतर साधारणपणे जास्त असतं. म्हणून नवऱ्याची किंवा भावाची सायकल घेऊन निघालेल्या बाईला त्रास झाला, तर तो तिच्या नाजूकपणाचा प्रश्न नसतो, सीटच्या मापाचा असतो. आणि बायकांना हे दुखणं बोलून दाखवणं पुरुषांपेक्षाही अवघड जातं. घरच्यांनीच हे ओळखून सीट बदलून दिली, तर अर्धं काम होतं.

आपल्याला सोसणारी सीट मिळाली तरी ती योग्य जागी बसवावी लागते. सीट फार उंच असली तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे हलते आणि घर्षण वाढतं. फार खाली असली तर पायांवर भार येत नाही, सगळा बैठकीवर येतो. अंदाज असा घ्या: भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर कलता कामा नये. मग चालवताना पावलाचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. सीटचा कल साधारण सपाट ठेवा. गवंड्याकडची पाणसळ सीटवर आडवी ठेवून बघता येतं. नाक वर असलं तर ते टोचतं. नाक फार खाली असलं तर आपण घसरगुंडीसारखे पुढे येत राहतो, मग हात भरून येतात आणि मागे सरकताना कातडी घासते. बदल करायचा तर एका वेळी एकच आणि अगदी थोडा करावा. दोन-चार दिवस चालवून बघावं, मग पुढचा बदल.

पूर्वी चामड्याच्या सीटची रीत होती. ब्रूक्स या इंग्लिश कंपनीच्या चामडी सीटचं पेटंट १८८२चं. चामडं सुरुवातीला लाकडासारखं कडक असतं, पण काही शे किलोमीटरनंतर मालकाच्या हाडांचे खळगे त्यात उमटतात आणि ती सीट त्याची होते. १९२३ साली आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण मुंबईहून सायकलवर निघाले आणि सुमारे ७१ हजार किलोमीटर फिरून, जगाला प्रदक्षिणा घालून १९२८ साली परतले. त्या वेळी ना जेल होतं, ना आजच्यासारख्या विजारी. सवडीनं जमलेली बैठक माणसाला किती लांब नेते, ते यावरून कळावं. चामड्याची सीट आजही मिळते. मात्र तिला पावसापासून जपावं लागतं.

कपड्यांकडे वळू. लांब पल्ल्याला जीन्स नको, तिची जाड शिवण नेमकी नको तिथे येते. सायकलिंगची गादीवाली तंग विजार मिळते, ती घ्यावी. आणि एक गोष्ट संकोच न करता सांगतो: तिच्या आत दुसरं अंतर्वस्त्र घालायचं नसतं. घातलं तर त्याच्या शिवणी घासतात, सुती असेल तर ते घाम धरून ठेवतं, आणि गादीचा उपयोगच संपतो. विजारीवरून सैल पँट किंवा कुर्ता घातला तर कोणाची हरकत नाही. जिथे घासतं तिथे निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेलीचा किंवा त्यासाठी मिळणाऱ्या मलमाचा हात फिरवावा. कापूर किंवा पुदिन्याचं झोंबणारं मलम मात्र तिथे लावू नये, हे वेगळं सांगायला नको. तिथले केस वस्तऱ्यानं काढू नयेत. केस आत वाढून फोड येतात. मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम चहाचं नव्हे, विजार बदलायचं. ओल्या विजारीत गप्पा मारत बसणं म्हणजे जंतूंना जेवणाचं आमंत्रण. ती रोज धुवावी आणि उलटी करून उन्हात वाळवावी. आषाढीच्या सुमाराला नाशिकहून सायकलवर पंढरपूरला जाणारे शेकडो लोक असतात. तीनशेहून अधिक किलोमीटर, आणि वर पाऊस. अशा वेळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली दुसरी कोरडी विजार ही चैन नाही, गरज आहे.

चालवतानाही काही सवयी लावून घ्याव्यात. दर दहा-पंधरा मिनिटांनी काही सेकंद पेडलवर उभं राहावं, म्हणजे दबलेल्या जागेत रक्त पुन्हा फिरतं. खड्डा किंवा गतिरोधक दिसला की बैठक सीटवरून उचलावी, धक्का गुडघ्यांना झेलू द्यावा. खड्ड्यांची आपल्याकडे टंचाई नाही, त्यामुळे हा सराव आपोआप होईल. पेडलवर जोर असला की सीटवरचा भार हलका होतो. नुसतं पाय फिरवत बसलेल्याची बैठक जास्त दुखते, ती यामुळेच. आणि अंतर हळूहळू वाढवावं. आज २० किलोमीटर आणि रविवारी एकदम १०० हा हिशेब शरीराला मान्य नसतो.

एवढं करूनही सोलवटलंच, तर कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुऊन, टिपून कोरडं करावं, सैल सुती कपडे घालावेत आणि दोन-चार दिवस सायकलला सुट्टी द्यावी. फोड आला तर तो दाबू नये, फोडू नये. तो वाढत असेल, पू दिसत असेल, ताप आला असेल, तर डॉक्टरांकडे जावं. मधुमेह असणाऱ्यानं तर पहिल्याच दिवशी जावं. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल, तर तोही दाखवावा. तिथे गेल्यावर 'जरा पाय दुखतोय' असं म्हणू नये. जिथे दुखतंय तिथलंच नाव घ्यावं. डॉक्टरांनी यापेक्षा कितीतरी अवघड गोष्टी ऐकलेल्या असतात.

श्रोतेहो, एक पुठ्ठा, एक मोजपट्टी, एक पाणसळ आणि एक कोरडी विजार. यातलं काहीच महाग नाही. महाग पडतो तो संकोच, कारण त्याच्या पायी चांगली सायकल गॅलरीत उभी राहते आणि माणूस पुन्हा सोफ्यावर जातो. तुमच्या घरात अशी एखादी सायकल असेल, तर आजच्या रविवारी तिच्यावरचे टॉवेल काढा, सीटची उंची बघा, कल बघा. आणि ज्यानं चालवणं सोडलं असेल, त्याला एकट्याला गाठून हळूच विचारा, 'बैठक दुखत होती का रे?' तो आधी नाही म्हणेल. थोडं थांबा, मग बोलेल.