गावाच्या हातातले दहा हजार



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा आम्हांस सातवीपर्यंतच लाभली. पुढचे वाचन वाळूजच्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर, पाळी सुटेपर्यंत बसून केले. तेव्हा आरोग्यशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण पैसा कोणाच्या हाती असतो आणि सही कोणाची लागते, हा प्रश्न आमच्या रोजच्या परिचयाचा आहे. आणि खुलताबाद तालुक्यातल्या वाडीवस्तीच्या आरोग्याचा प्रश्न आमच्या मते पुष्कळसा तोच आहे.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात एक लहानशी तरतूद होती. गावोगाव एक समिती असावी आणि तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळावा. अबंधित म्हणजे वरून बाबी ठरवून न दिलेला. विहिरीत टीसीएल पावडर टाकावयाची, तुंबलेले गटार उपसावयाचे, की अडलेल्या बाईसाठी रात्री जीप करावयाची, हे गावाने ठरवावे. शहरातला माणूस म्हणेल, दहा हजारांत काय होते? हा प्रश्न आम्हीही एकेकाळी विचारीत होतो.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. ते औषधोपचार घेऊन आले होते. लोकांना आधी हवे होते पाणी आणि अन्न. त्यांनी लोकांचे ऐकले, हेच आम्हांला त्या कामातले मोठे वाटते. पुढे गावांनीच आपल्यातल्या बायका आरोग्याच्या कामासाठी निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या बायकांकडून घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली. तेथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेथे मोठी यंत्रे नव्हती. शिकलेली बाई होती, आणि हाकेच्या अंतरावर होती.

आता आपल्याकडचे सांगतो. डोंगराच्या कुशीतली एक वस्ती. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पावसाळ्याची रात्र, बाईच्या पोटात कळा सुरू झालेल्या. गाडी येईना म्हणून आशाताईंनी शेजाऱ्याची जीप ठरविली आणि ९०० रुपये पदरचे दिले. बाई सुखरूप बाळंत झाली. समितीच्या खात्यात तेव्हा पैसे पडून होते. पण काढावयास दोन सह्या लागतात; एक सही करणारे गृहस्थ कामासाठी परगावी, आणि परत आल्यावर म्हणाले, ‘वरून पत्र आल्याशिवाय मी हात लावणार नाही.’ अबंधित निधीला त्यांनी स्वतःच बांधून घातले! मार्चअखेर त्याच पैशातून एक कपाट आले. कपाटाची पावती मिळते, रात्रीच्या जीपची मिळत नाही. हिशेबनीसाला कपाटच सोयीचे.

आम्ही त्या गृहस्थांना दोष देत नाही. चौकशीची भीती खरी असते. पण त्या भीतीची किंमत आशाताईंनी का भरावी? आशांना सरकार सेविका मानते, नोकर मानीत नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात राज्यभर त्या संपावर गेल्या, तेव्हा कोठे मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मानधनात ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. अशा बाईकडून गावाने उसने घ्यावे आणि विसरून जावे, हे आम्हांला पटत नाही. लहान निधी चांगला, परंतु तो तिच्या मजुरीचा पर्याय होता कामा नये.

त्या वस्तीतल्या बायकांना आम्ही इतकेच सुचविले, की १ मेच्या ग्रामसभेला समितीचे पासबुक मागा आणि मोठ्याने वाचून घ्या. कामगार दिनही तोच, हा योग आम्हांला आवडला. पासबुक आणावयास माणूस दोनदा पाठवावा लागला. एका मुलीने ते वाचले. खाली बसलेल्या एका म्हातारीने विचारले, ‘मग कपाटात काय ठेवलंय?’ कोणालाच सांगता आले नाही. त्याच बैठकीत ठराव लिहिला गेला, की रात्रीच्या गाडीचे भाडे आधी द्यावे, सही मागाहून घ्यावी, आणि साक्षीला दोन बायका असाव्यात. आशाताईंचे ९०० रुपये त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मिळाले.