स्पिती खोऱ्यातील मठ व आमचा एक चुकलेला धडा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



हिमालयाच्या यात्रेविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली. वक्तृत्व हा आमचा प्रांत नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन, पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन, आम्ही छत्तीस वर्षे मुलांना शिकविण्यात घालविली. समोर बाके आणि हाती खडू असल्याखेरीज आम्हांस बोलण्याची सवय नाही. तेव्हा आपण आम्हांस सांभाळून घ्यावे, एवढीच प्रार्थना.

यात्रेचे वर्णन करण्यापूर्वी शाळेतील एक प्रसंग सांगणे भाग आहे. सन १९९८च्या सुमारास आम्ही सहावीच्या वर्गावर इतिहास शिकवीत होतो. बौद्ध धर्माचा धडा संपविताना आम्ही दरवर्षी एक वाक्य फळ्यावर लिहीत असू : "कालांतराने बौद्ध धर्म आपल्या जन्मभूमीतून नाहीसा झाला." मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहावे, असा परिपाठ होता. त्या दिवशी मागल्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, नाहीसा कसा झाला? आम्ही बौद्धच आहोत की." वर्गात हशा पिकला. आम्ही त्यास म्हणालो, "धड्यात आहे ते लिही. खाली बैस." तो बैसला. पुढे वर्षभर त्याने आमच्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. हा प्रसंग तेथेच संपला, असे आम्हांस वाटले होते.

आता यात्रेकडे वळू. सन २०२४च्या जून महिन्यात आम्ही उभयता आणि आपल्याच समाजातील आणखी तीन कुटुंबे अशी मंडळी हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यात गेलो. सिमल्याहून सतलजेच्या काठाने किन्नौर जिल्ह्यातून वर चढत गेले, की खाब येथे स्पिती नदी सतलजेला मिळते. तेथून देवदारांची हिरवाई मागे पडते आणि उघडे, पिवळे-तांबूस डोंगर सुरू होतात. पावसाचे ढग हिमालयाच्या दक्षिण उतारांवर रिते होतात, त्यामुळे या बाजूस मोसमी पाऊस फारच थोडा पोहोचतो. वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटांनी शेतात आणावयाचे आणि त्यावर जव व वाटाणा पिकवावयाचा, हा येथील शेतीचा क्रम आहे. उन्हाळ्याचे चार महिने कष्ट करावेत आणि हिवाळ्यात बर्फाने कोंडलेल्या घरात साठवणीवर दिवस काढावेत, असे तेथील जीवन आहे.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी एक सूचना. मनालीहून एकदम वर न चढता किन्नौरमार्गे, वाटेत मुक्काम करीत जावे. शरीराला विरळ हवेची सवय हळूहळू लागते. आमच्यापैकी एका गृहस्थांनी काझा येथे पोहोचताच जिने चढण्याची घाई केली. रात्रभर डोकेदुखीने त्यांस झोप आली नाही आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी आम्हां सर्वांस विश्रांती घ्यावी लागली. काझा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवावी आणि त्याहूनही वर बाजारपेठ असावी, असा हा प्रकार आहे!

काझाच्या अलीकडे सत्तेचाळीस किलोमीटरांवर ताबो हे लहानसे गाव लागते. तेथील मठ, ज्यास तिकडे गोंपा म्हणतात, तो सन ९९६ मध्ये स्थापन झाला. गूगे राज्याचा राजा येशे-ओ याने तो बांधविला आणि सेहेचाळीस वर्षांनी त्याच्या पुतण्याचा मुलगा जांगछुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला, असे मंदिरातील लेखावरून कळते. बाहेरून पाहिले तर निराशा व्हावी. मातीच्या कुंपणाआड मातीच्याच बसक्या इमारती, सपाट धाबी आणि मधूनमधून छोर्तेन, म्हणजे स्तूप. शिखर नाही, कळस नाही. आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "एवढ्यासाठी का इतक्या दूर आलो?"

परंतु आत पाऊल टाकले मात्र, आणि आम्ही सारे मुके झालो. आत खिडक्या नाहीत. उजेड काय तो वरून झिरपतो तेवढाच. एका लामांनी हातातील विजेरी भिंतीवर धरली. भिंतीतून पुढे आलेल्या, मातीच्या घडविलेल्या तीसहून अधिक देवतामूर्ती सभोवार बसलेल्या. मधोमध चारही दिशांना मुख असलेला वैरोचन. आणि मूर्तींच्या खाली भिंतीवर चित्रांची रांगच रांग. रंग निळे, तांबडे, सोनेरी, हजार वर्षांचे. या मठास 'हिमालयातील अजिंठा' असे म्हणतात. आम्ही शाळेच्या सहली घेऊन अजिंठ्यास अनेकदा गेलो आहोत. तेथेही चित्रे मातीच्या गिलाव्यावरच काढलेली आहेत. फरक एवढाच, की अजिंठ्याच्या लेण्यांतील दिवे कधीच विझले, आणि सन १८१९ मध्ये शिकारीस आलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडेपर्यंत बाहेरच्या जगास त्यांचा विसर पडला होता. ताबोत मात्र आमच्यासमोर लोण्याचा दिवा जळत होता आणि पहाटेची प्रार्थना नुकतीच संपली होती.

आम्ही त्या लामांना आमच्या मोडक्या हिंदीत विचारले, "येथे बौद्ध धर्म पुन्हा केव्हा परत आला?" ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग हसून म्हणाले, "मास्टरजी, गया कब था?"

गेला कधी होता! मंडळी, आम्हांस त्या अंधारात मागल्या बाकावरचा तो मुलगा दिसला.

ताबो भारतात आहे. किन्नौर, लाहौल, लडाख, झंस्कार ही सारी खोरी भारतात आहेत. या खोऱ्यांतून हजार वर्षांत हा धर्म कधी नाहीसा झालाच नाही. आणि आमच्या महाराष्ट्रात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला, त्यालाही आम्ही फळ्यावर ते वाक्य लिहिले तेव्हा चाळीस वर्षे होऊन गेली होती. म्हणजे आमचे वाक्य एकदा नव्हे, दोनदा चुकले होते. हिमालयाच्या बाबतीत चुकले होते आणि आमच्याच वर्गातील मागल्या बाकाच्या बाबतीतही चुकले होते. पहिली चूक अज्ञानाची. दुसरीस अज्ञान म्हणण्याची आमची छाती होत नाही. कारण तो मुलगा कोणत्या वाड्यातून येतो, हे आम्हांस पुरते ठाऊक होते.

या मठांचा इतिहास म्हणजे गुरुशिष्यांचा इतिहास होय. तिबेटी परंपरा सांगते, की येशे-ओ राजाने एकवीस तरुण विद्याध्ययनासाठी काश्मीरकडे धाडले. उष्ण हवा आणि रोगराई यांनी बाकीचे दगावले, दोघेच परतले. त्यांपैकी एक रिन्चेन झांग्पो (९५८–१०५५). त्याने आयुष्यभर संस्कृत ग्रंथांची तिबेटी भाषेत भाषांतरे केली, म्हणून त्यास 'लोत्सावा', म्हणजे भाषांतरकार, या नावाने ओळखतात. पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस नालंदा व विक्रमशिला येथील विद्यापीठे उद्ध्वस्त झाली आणि असंख्य संस्कृत ग्रंथ नष्ट झाले. त्यांपैकी कित्येक आज केवळ तिबेटी भाषांतरांच्या रूपाने उरले आहेत. आपल्या घरचा दागिना आपण गमवावा आणि तो शेजाऱ्याने आपल्या पेटीत जपून ठेवलेला निघावा, त्यातलाच हा प्रकार.

या रिन्चेन झांग्पोविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. सन १०४२ मध्ये विक्रमशिलेचे आचार्य अतिश हे त्या प्रदेशात आले, तेव्हा भाषांतरकार वयाच्या पंचाऐंशीच्या घरात होता. अतिशांनी त्यास एकेका शास्त्राविषयी विचारले. सर्व त्यास ठाऊक होते. तेव्हा "मग माझे येथे काय काम?" असे अतिश म्हणाले. पण पुढे त्यांनी विचारले, "ही सर्व शास्त्रे एकत्र आचरावयाची कशी?" म्हातारा म्हणाला, "प्रत्येक वेगवेगळे आचरावे." "आता कळले, माझे येथे काम आहे," असे अतिश उद्गारले. यावर तो वृद्ध पंडित रागावला नाही. आयुष्यभराच्या पांडित्याचा अभिमान बाजूस ठेवून तो शिष्यासारखा त्यांच्यापुढे बसला आणि उरलेली वर्षे त्याने साधनेत घालविली.

ताबोच्या भिंतीवरील चित्रांतही अशीच एक कथा आहे. सुधन नावाचा तरुण ज्ञानाच्या शोधात निघतो आणि एकामागून एक पन्नासहून अधिक गुरूंकडे जातो. त्या गुरूंत भिक्षू आहेत, राजे आहेत, व्यापारी आहेत, नावाडी आहे, स्त्रिया आहेत. आणि नदीकाठी वाळूत सवंगड्यांसह खेळणारा एक लहान मुलगाही आहे! सुधन त्याच्यापुढे हात जोडतो आणि त्याच्याकडून शिकतो. छत्तीस वर्षे मुलांपुढे उभे राहिलेल्या आम्हांस हे ऐकताना मान वर करवेना. आमच्यापुढेही असा एक गुरू उभा राहिला होता आणि आम्ही त्यास खाली बसविले होते.

ताबोहून आम्ही काझास व तेथून की येथील मठास गेलो. ४,१६६ मीटर उंचीवर, टेकडीच्या टोकास, एकावर एक रचलेल्या पांढऱ्या कोठड्यांचा हा मठ लढायांत लुटला गेला, आगीत होरपळला आणि भूकंपातही हादरला. प्रत्येक वेळी लोकांनी तो पुन्हा उभा केला. १९ जानेवारी १९७५ रोजी किन्नौरात मोठा भूकंप झाला, तेव्हा ताबोच्या जुन्या इमारतींनाही इजा पोहोचली. परंतु मठ सुटला नाही. सन १९८३ मध्ये ताबोत नवे सभागृह उभे राहिले आणि त्याच वर्षी, तसेच सहस्रकपूर्तीच्या निमित्ताने १९९६ मध्ये, दलाई लामांच्या उपस्थितीत तेथे कालचक्राचा मोठा समारंभ झाला.

मातीची भिंत हजार वर्षे कशी टिकते, असा प्रश्न आम्ही तेथील एका गृहस्थास विचारला. तो म्हणाला, की ती आपण होऊन टिकत नाही. हिवाळ्यात बर्फ पडले की धाब्यावर चढून ते लोटावे लागते. उन्हाळ्यात तडे बुजवावे लागतात, माती नव्याने चोपावी लागते. एक हिवाळा आळस केला तर छत गळते आणि खालचे चित्र जाते. अलीकडे बर्फाऐवजी अवेळी पाऊस पडू लागला आहे, त्याची तेथील लोकांना मोठी काळजी वाटते; कारण मातीला बर्फ सोसते, पाऊस सोसत नाही.

परतण्यापूर्वी आम्ही काझाच्या वरील हिक्कीम या गावी गेलो. तेथे सुमारे ४,४०० मीटर उंचीवर एक टपालकचेरी आहे. सोबतच्या मंडळींनी घरी, नातवंडांना कार्डे धाडली. आम्ही एकच कार्ड घेतले आणि त्या विद्यार्थ्याच्या गावच्या पत्त्यावर लिहिले : "सहावीच्या धड्यातील शेवटचे वाक्य चूक होते. तू बरोबर होतास. तुला खाली बसविले, ही आमची दुसरी चूक. तुझा गुरुजी." पुढे आम्ही कुंझुम खिंडीतून उतरलो आणि सन २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यातून मनालीस पोहोचलो.

गावी परतल्यावर काही आठवड्यांनी दूरध्वनी आला. तो विद्यार्थी आता संसारी गृहस्थ आहे, दोन मुलांचा बाप आहे. आम्हांस वाटले होते, की इतक्या वर्षांनी त्यास तो प्रसंग आठवत नसेल. आम्ही तसे विचारलेही. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "आठवतो, गुरुजी." नंतर त्याने आमच्या प्रकृतीची चौकशी केली आणि पुढच्या वेळी स्पितीस जाल तर आपल्यालाही न्या, असे सांगितले.

मंडळी, आपण हिमालयात अवश्य जावे. बर्फाची शिखरे पाहावीत, लोण्याचा खारट चहा प्यावा, वाटेत भेटणाऱ्यास "जुले" म्हणून नमस्कार करावा. मात्र घरी परतल्यावर आपल्या मागल्या बाकाकडेही एकवार वळून पाहावे. तेथून कोणी काही विचारीत असेल, तर त्यास उभे राहू द्यावे.