धनी नसलेली सूची



गावात ग्रंथालय नाही, पण घरोघर पुस्तके आहेत, अशी कल्पना करा. हवे ते पुस्तक कोणाकडे आहे, हे कळावे कसे? संगणकांच्या जाळ्यात हाच प्रश्न सुमारे पाव शतकापूर्वी उभा राहिला. आज आम्ही त्याचाच विचार मांडणार आहोत.

१९९९ साली निघालेल्या नॅपस्टरमध्ये गाणी लोकांच्या संगणकांवर असत. सूची मात्र एकाच ठिकाणी होती. न्यायालयाच्या आदेशांनंतर २००१ साली ती बंद पडली, आणि गाणी जागच्या जागी असूनही सापडेनाशी झाली. २००० सालच्या न्यूटेलात सूचीच नव्हती. शेजाऱ्याला विचारावे, त्याने आपल्या शेजाऱ्यांना विचारावे, अशी रीत. परंतु प्रत्येक प्रश्नाची अशी दवंडी पिटली म्हणजे जाळे आपल्याच कोलाहलाने गुदमरते. म्हणून प्रश्न सामान्यतः ७ टप्प्यांनंतर थांबवीत. मग दूरची वस्तू असूनही नसल्यासारखीच!

२००१ साली अमेरिकेतील स्टोइका, कार्गर आदी संशोधकांनी ‘कॉर्ड’ ही पद्धत मांडली. तीत प्रत्येक संगणकाला आणि प्रत्येक वस्तूच्या नावाला गणिती सूत्राने एक आकडा मिळतो. हे आकडे एका वर्तुळावर मांडलेले असतात. वस्तूच्या आकड्यापुढे जो पहिला संगणक येईल, तिची नोंद त्याच्याकडे. प्रत्येकजण थोडेच पत्ते बाळगतो: एक जवळचा, एक दुप्पट अंतरावरचा, एक चौपट, असे अर्ध्या वर्तुळापर्यंत. त्यामुळे दर टप्प्याला उरलेले अंतर निम्म्याहून कमी होते, आणि १० लाख संगणकांतही साधारणतः २० टप्प्यांच्या आत पत्ता लागतो.

आता ओझ्याचे पाहू. आकडे कसेही पडतात. कोणाच्या वाट्याला वर्तुळाचा मोठा तुकडा येतो, कोणाच्या लहान. म्हणून एकेका संगणकाला वर्तुळावर अनेक जागा देतात, समर्थाला अधिक. तो निघून गेला, तर त्याच्याच नोंदी इतरांत विभागल्या जातात. बाकीच्या हलत नाहीत.

तथापि नेमके नाव ठाऊक नसेल, तर हे वर्तुळ मुके राहते. एकाच लोकप्रिय वस्तूवर झुंबड उडाली, तर तिच्या प्रती वाटेवर ठेवाव्या लागतात.

सूची ज्याच्या हाती, त्याच्याच हाती कुलूप, हे नॅपस्टरने दाखविले. कुलूप नको असेल, तर सूची सांभाळण्याचे ओझे प्रत्येकाने थोडे थोडे उचलले पाहिजे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.