सण आणि मुलांचे हात

ऑक्टोबर महिना सरत आला, की पुण्यामुंबईच्या अनेक मराठी घरांत अलीकडे एक नवाच प्रश्न उपस्थित होतो. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा ‘हॅलोविन’ हा सण लहान मुलांसाठी घरी करावा की करू नये? परदेशी राहणाऱ्या मामाकडून आलेल्या छायाचित्रांत मुलांनी कोरलेले भोपळे आणि भुताखेतांची सोंगे पाहिलेली असतात, आणि तशी मौज त्यांना हवी असते. आजीला मात्र ऐन दिवाळीच्या दिवसांत घरात भुते नाचवणे रुचत नाही. वाद बहुधा ‘आपले’ आणि ‘परके’ या दोन शब्दांवरच अडून बसतो. सण मुलाला काय देतो आणि मुलाकडून काय करवून घेतो, हा खरा महत्त्वाचा प्रश्न बाजूलाच राहतो. त्याचे उत्तर शोधताना कावेरीच्या खोऱ्यातील एका लहानशा गावाकडे दृष्टी टाकणे उपयोगाचे ठरेल.

तमिळनाडूत कुंभकोणम् शहराजवळ इन्नंबूर नावाचे खेडे आहे. तेथील प्राचीन शिवमंदिरातील देवाचे नाव एळुत्तरिनादर, म्हणजे अक्षरे जाणणारा नाथ. आख्यायिका अशी, की चोळ राजाला मंदिराच्या हिशेबाविषयी संशय आला, तेव्हा संकटात सापडलेल्या हिशेबनिसाचे रूप घेऊन प्रत्यक्ष शंकरानेच राजाला सारा जमाखर्च समजावून दिला. अशा या विद्वान देवापुढे आईबाप मुलाला शाळेत घालण्यापूर्वी घेऊन येतात आणि त्याच्या अक्षरओळखीचा श्रीगणेशा करतात.

विद्यारंभाचा मुख्य मुहूर्त दक्षिणेत विजयादशमीचा. त्याच्या आधीच्या नऊ रात्री या प्रदेशातील घराघरांत मुलांचा एक मोठा उत्सव चाललेला असतो. त्याला ‘बोम्मै कोलू’ म्हणतात. बोम्मै म्हणजे बाहुली आणि कोलू म्हणजे दरबार. तीन, पाच, सात किंवा नऊ अशा विषम संख्येच्या पायऱ्या रचून, त्यांवर शुभ्र वस्त्र अंथरून बाहुल्यांचा हा दरबार भरतो. देवदेवतांच्या मूर्ती असतात, तशीच रक्तचंदनाची ‘मरप्पाच्ची’ नावाची बाहुल्यांची जोडी असते, आणि धान्याच्या राशी पुढे मांडून बसलेला लठ्ठ वाणी आणि त्याची वाणीणही असते. तंजावूरची मान डोलावणारी बाहुली तर मुलांची विशेष लाडकी. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तंजावूरला मराठी राज्य स्थापिले. ते १८५५ मध्ये संपले. तथापि त्या काळात तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही शेजाऱ्यांचा हा दरबार आपल्या नवरात्रात आनंदाने सामावून घेतला. चांगली गोष्ट शेजाऱ्याकडून घेताना त्यांना कोठे उणेपणा वाटला नाही.

या उत्सवात मुलांचा वाटा मोठा आहे. पायऱ्यांच्या पुढे जमिनीवर मातीचा बगीचा मुलेच करतात. मोहरी किंवा नाचणी पेरून चार दिवसांत हिरवळ उगवतात, आरशाच्या तुकड्याचे तळे करतात. संध्याकाळी कृष्ण, राधा, मुरुगन् अशी सोंगे घेऊन ती शेजारीपाजारी आमंत्रणे करीत हिंडतात. ज्या घरी जातील तेथे एखादे गाणे म्हणावे आणि ‘सुंडल’ घ्यावे, अशी रीत. हरभरे, चवळी किंवा मूग शिजवून, मोहरीकढीलिंबाची फोडणी देऊन, वर ओले खोबरे घातलेला हा प्रसाद ओंजळीत पडला, की पुढचे दार गाठायचे.

आता हॅलोविनकडे पाहावे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील केल्टिक लोक हिवाळ्याच्या आरंभी ‘साविन’ हा उत्सव करीत. त्या रात्री मृतांचे आत्मे जवळ येतात, अशी समजूत होती. पुढे १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस ठरला आणि त्याची पूर्वसंध्या म्हणून या रात्रीला आजचे नाव मिळाले. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. ते अमेरिकेत गेले, तेथे त्यांना कोरायला सोपा असा मोठा भोपळा मिळाला, आणि सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. सोंग घेऊन दारोदार जाणे आणि खाऊ मिळवणे हे तेथेही आहेच. कोकणात शिमग्याला सोंगे घेऊन घरोघर फिरणाऱ्या पोरांना यात नवल वाटू नये. भोंडल्याची खिरापत ओळखण्यासाठी एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाणाऱ्या मुलीही त्याच गोतातल्या.

भुतांचे काय? अंधाराची भीती प्रत्येक मुलाच्या मनात असतेच. ओळखीच्या माणसांत, घरच्या उजेडात त्या भीतीला तोंड देता आले, तर ती आटोक्यात येते. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळला जाणारा अक्राळविक्राळ नरकासुर मुलांना हेच शिकवतो. मात्र दोनतीन वर्षांच्या बालकाला मुखवटा आणि त्यामागचा बाप यांतला भेद नीट कळत नाही. त्याच्यासमोर मुखवटा चढवावा आणि त्याच्यासमोरच उतरवावा. शक्य तर त्यालाच तो उतरवू द्यावा. मोठ्यांच्या करमणुकीसाठी मूल घाबरवणे हा सण नव्हे.

दोन्ही सणांना आज एकच धोका आहे. कोलूच्या पायऱ्या शोभेसाठी इतक्या नटतात, की ‘हात लावू नकोस’ हेच वाक्य मुलाला नऊ दिवस ऐकावे लागते. हॅलोविनचा पोशाख, मुखवटा आणि भोपळाही बाजारातून तयार येतो. मूल ते अंगावर चढवते, छायाचित्र निघते आणि सण संपतो. मुलाच्या हाताला काम उरले नाही, की आपला सण काय आणि परका सण काय, दोन्ही सारखेच पोकळ होतात.

म्हणून घरी सण करावयाचा, तर खालची पायरी मुलांच्या स्वाधीन करावी. तेथे मोडका घोडा आणि चिंधीची बाहुली बसली, तरी दरबाराची शोभा कमी होत नाही. भोपळा आणला, तर सुरी मोठ्यांच्या हाती असावी. चेहरा मात्र मुलाने रेखावा आणि आतला गर त्यानेच चमच्याने काढावा. त्या गराचे घारगे व्हावेत, बिया वाळत घालाव्यात. सैल कपड्यांतल्या मुलांजवळ उघडी ज्योत नको. लहानसा विजेचा दिवा पुरे. सोंग जुन्या साडीचे आणि पुठ्ठ्याचे असावे.

आणि मुलाने दारोदार केवळ घेण्यासाठी जाऊ नये. अमेरिकेत १९५० मध्ये काही मुलांनी या रात्री खाऊऐवजी जगातील गरजू बालकांसाठी नाणी गोळा केली आणि ती ‘युनिसेफ’ला दिली, ती प्रथा पुढे देशभर पसरली. कोलूच्या घरीही आलेला कोणी रिकाम्या हाती परत जात नाही. शेजारच्या एकट्या आजोबांकडे वाटीभर सुंडल किंवा दोन घारगे घेऊन जाण्याचे काम मुलाला सांगावे. जिन्याच्या अंधारातून ती वाटी न सांडता नेताना त्याची भीती थोडी कमी होईल, आणि सण कशासाठी असतो, हेही त्याला न सांगता उमगेल.