संगणकाने रचलेले औषध आणि आपली जबाबदारी

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपती ही बुद्धीची देवता. तिच्यासमोर बोलायची संधी समितीने दिली, म्हणून विषयही बुद्धीचाच निवडला; फरक इतकाच, की ही बुद्धी कृत्रिम आहे. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्रज्ञही नाही; रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर आहे. पण एखादी वस्तू आधी कागदावर कशी उतरते आणि मग कसोटीला कशी लावतात, हे आमच्या रोजच्या कामातले. त्याच नजरेने हा विषय मांडतो.

आधी अडचण समजून घेऊ. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिन सापडले. पुढची काही दशके नवनवी अँटिबायोटिक्स येत राहिली, मग ओघ आटला. संशोधनाला खर्च अफाट, आणि औषध घ्यायचे जेमतेम आठ-दहा दिवस. त्यातून नवे औषध डॉक्टर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. मग विक्री होणार किती? इकडे जिवाणू स्वस्थ बसलेले नाहीत. औषधाच्या माऱ्यातून जे तगतात, त्यांचीच पिलावळ वाढते आणि ते औषध चालेनासे होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील २०२२ च्या अभ्यासानुसार, औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली.

यावर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जेम्स कॉलिन्स आणि त्यांचे सहकारी काम करीत आहेत. २०२० साली त्यांनी संगणकाला सुमारे २,५०० रेणूंची माहिती शिकवली: कोणता जिवाणूला मारतो, कोणता नाही. मग सुमारे ६,००० जुनी संयुगे त्याच्यापुढे ठेवली. त्यातून मधुमेहासाठी अभ्यासलेले एक संयुग निघाले. त्याला हॅलिसिन नाव दिले. हे झाले स्टोअरमध्ये पडून असलेल्या सामानातून कामाचा भाग हुडकणे.

ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले काम याच्या पुढचे आहे. इथे स्टोअरमध्ये नसलेला भाग संगणकानेच रचला. अशा रचना करणाऱ्या पद्धतीला जनरेटिव्ह एआय म्हणतात. परमा, म्हणजे गनोरिया, या रोगाच्या जिवाणूसाठी त्यांनी आधी रेणूचा एक छोटा तुकडा निवडला. त्याला अणू जोडत, बदलत, वगळत संगणकाने सुमारे ७० लाख रेणू मांडले. माणसाच्या पेशींना घातक वाटणारे आणि जुन्या औषधांसारखे दिसणारे गाळत गाळत सुमारे १,००० उरले. त्यांतले ८० बनवता येतील का, हे पाहिले, तर दोनच बनू शकले! त्यांतला एक, एनजी-१, प्रयोगशाळेत आणि उंदरांवर प्रभावी ठरला. जिवाणूचे बाहेरचे आवरण तयार होण्यासाठी लागणाऱ्या एका प्रथिनाला तो अडवतो.

दुसरा शत्रू एमआरएसए. जखमा चिघळवणारा, इस्पितळांतून ठाण मांडणारा हा जिवाणू. त्याच्यासाठी संगणकाला कोणताच तुकडा दिला नाही. अणू कसे जुळतात एवढेच नियम दिले. २ कोटी ९० लाखांहून अधिक रेणू तयार झाले, चाळून सुमारे ९० राहिले, २२ बनवून तपासता आले, सहा चांगले निघाले. त्यांतल्या डीएन-१ ने उंदरांच्या त्वचेवरील संसर्ग बरा केला.

मित्रहो, ७० लाखांतून एक, हा आकडा लक्षात ठेवा. नवा डबा ड्रॉइंगवर कितीही देखणा दिसला तरी लखनौच्या आरडीएसओच्या चाचण्या आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी यांशिवाय त्यात प्रवासी बसत नाही. औषधाचेही तसेच. संगणकाने ड्रॉइंग काढण्याचा वेळ वाचवला. माणसावरच्या चाचण्यांचा वाचवलेला नाही. उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे. आपल्या देशात विकसित झालेल्या, न्यूमोनियावरील नॅफिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला १४ वर्षे आणि सुमारे ५०० कोटी रुपये लागले, असे सरकारी निवेदनात म्हटले आहे. म्हणून 'आता संगणक आहे, काळजी नको' असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

तोवर हातात आहेत ती औषधे टिकवणे, हे तुमचे-माझे काम. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दुकानदाराला विचारून गोळ्या घेऊ नका, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका, डॉक्टरांनी सांगितलेला डोस मनानेच अर्ध्यावर सोडू नका. पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये ही खूण. आम्हा रेल्वेवाल्यांना लाल रंगाचा अर्थ वेगळा सांगायला नको. अपुऱ्या मात्रेने जिवाणू निर्ढावतात, हे फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते. आपण असेच वागत राहिलो तर उद्या संगणकाने रचलेले औषधही निकामी व्हायला वेळ लागणार नाही.

नवे रचण्याची बुद्धी शास्त्रज्ञांना आणि आहे ते जपण्याची बुद्धी आपल्याला लाभो, एवढेच श्रीचरणी मागणे. 

गणपती बाप्पा मोरया!