मोबाईलमधला किल्ला



दिवाळी आली की आपल्या विचुंब्यातली पोरं अंगणात किल्ला करतात. दगड रचतात, माती लिंपतात. बुरुजावर मावळे उभे करतात. खेळता खेळता शिकणे ते हेच.

आता पोरं मोबाईलवर आणि संगणकावरही खेळतात. आपण रागावतो. राग रास्तच आहे. तासन् तास मान मोडून बसणे बरे नव्हे. पण सारेच खेळ टाकाऊ नसतात. काही खेळांतून इतिहासही शिकता येतो.

२०१८ साली एका परदेशी कंपनीने जुन्या इजिप्त देशाची सफर घडवणारा खेळ काढला. त्यात लढाई नाही. पोराने नुसते फिरावे, पिरॅमिड पाहावेत, त्यांची माहिती ऐकावी. पुण्याच्या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ केला. त्यात आपल्या पुराणांतले देव आहेत.

विलायतेत २००९ साली एक लढाईचा खेळ निघाला. त्यात इ. स. १७०० पासून मराठ्यांचे राज्य चालवता येते. फौज उभारायची, खजिना सांभाळायचा. राज्य चालवणे किती अवघड, हे पोराला कळते.

पण इथेच जपायला हवे. खेळात मराठे सारा हिंदुस्थान जिंकू शकतात. हरले तर डाव पुन्हा मांडता येतो. खरा इतिहास तसा नाही. १७६१ साली पानिपतावर पडलेली माणसे पुन्हा उठली नाहीत.

हे पोराला सांगणार कोण? आपणच. त्याच्याजवळ बसा. विचारा, "बाळा, यातलं खरं कोणतं आणि रचलेलं कोणतं?" हे विचारायला पदवी लागत नाही. उत्तर ठाऊक नसेल, तर दोघांनी मिळून पुस्तकात शोधावे. आता आपल्याला वाचता येते की!

आणि एक दिवस पोराला घेऊन पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघा. आधी शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली इथेच जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते.

पुढे कर्नाळा. १६६५ साली पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांना द्यावा लागला. १६७० साली महाराजांच्या माणसांनी तो परत घेतला. १८१८ साली तो इंग्रजांकडे गेला. किल्लेदाराचा नातू पुढे त्याच इंग्रजांविरुद्ध उठला.

हा इतिहास आपल्या दाराशी आहे. गड चढताना पोराला धाप लागेल. दगड हाताला लागेल. तेव्हा त्याला कळेल, की हे सारे खरेच घडले.

कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा दिसतो. आपण अंगठा सोडून सही करू लागलो. आता पोराला मोबाईलमधल्या किल्ल्यावरून खऱ्या किल्ल्यावर नेऊ या.