आंगठा दिला म्हणून हक्क जात नाहीं
(रत्नागिरी तालुक्यांत चिरेखाणकामगार, गवंडी, सुतार व शेतकरी मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज आम्ही तुम्हांपुढें उभे आहों ते मोठें व्याख्यान झोडण्यासाठीं नव्हे. आमच्या वाडीलगतच्या एका चिरेखाणींत कड कोसळली आणि एका गड्याचा पाय गुडघ्याखालीं चिरडला. तिसऱ्या दिवशीं खाणवाल्याचा माणूस घरीं आला, वीस हजार रुपये हातावर ठेवले आणि 'भरून पावलों, यापुढें कांहीं मागणें नाहीं' अशा कागदावर त्याचा आंगठा उठवून घेतला. कागदाची एक प्रत मात्र घरांत राहिली. आठ महिन्यांनीं त्याची बायको आमच्याकडे आली. म्हणाली, "दादा, आंगठा दिलाय. आतां कायच उपाय नाय ना?"

आम्हीं तिला सांगितलें कीं, बाई, तो कागद फाडूं नकोस, जपून ठेव. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा असा करार कायद्यानें रद्दबातल आहे. त्यानें तुझ्या नवऱ्याचा हक्क जात नाहीं. उलट तो त्याच खाणींत कामास होता, हा पुरावा खाणवाल्यानेंच लिहून दिला आहे! असे आंगठे आपल्या जिल्ह्यांत किती घरीं उठले असतील देव जाणे, म्हणून तिला सांगितलें तें आज चारचौघांत सांगतों.

हा हक्क कोणीं दया म्हणून दिला असें समजूं नका. सप्टेंबर १८८४ मध्यें मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांची सभा भरविली. गिरण्यांत तेव्हां आपल्या रत्नागिरीकडून बोटीनें गेलेले लोक हजारोंनीं राबत होते. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, वेळेवर पगार या मागण्या सर्वांस ठाऊक आहेत. पण त्याच अर्जांत आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटाची तजवीज व्हावी. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली. लोखंडे १८९७ च्या प्लेगांत गेले. जखमेच्या भरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. मागणीपासून कायद्यापर्यंत चाळीस वर्षें गेली, आणि त्या अवधींत किती हात-पाय फुकट गेले!

तो १९२३ चा कायदा आतां राहिला नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागीं सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली आहे. जुन्याचा गाभा तिच्या सातव्या प्रकरणांत बहुतेक तसाच आहे. काम करतांना व कामामुळें अपघात झाला तर भरपाई मालकानें द्यावयाची. मालकाची चूक सिद्ध करीत बसण्याचें कारण नाहीं. घरून कामावर जातां-येतां झालेला अपघातहि, वेळ, जागा व कामाचा संबंध जुळत असेल तर, आतां यांत धरला आहे. "दारू प्याला होता," "सांगितलेलें ऐकलें नाहीं" ही मालकाची ठरलेली ओरड. पण माणूस मेला असेल किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला असेल तर ही सबब चालत नाहीं.

आतां हिशेब ऐका. चाळीस वर्षांचा गडी आहे, महिना बारा हजार कमावतो. तो मेला तर वेतनाचा निम्मा भाग, म्हणजे सहा हजार, गुणिले १८४.१७. हा आंकडा वयाप्रमाणें कोष्टकांत दिलेला आहे. वय कमी तर आंकडा मोठा. बेरीज होते ११ लाख ५ हजार २० रुपये. तोच जन्माचा पूर्ण निकामी झाला तर शेंकडा साठ भाग धरावयाचा, म्हणजे १३ लाख २६ हजार २४ रुपये. एक आंगठा तुटला तर कमाईची शक्ति शेंकडा ३० गेली असें परिशिष्ट म्हणतें. त्याचे जवळजवळ चार लाख होतात. कागदावर उठविलेल्या आंगठ्याचे वीस हजार, तुटलेल्याचे चार लाख! खाणवाल्याला हा हिशेब पाठ असतो, आम्हांलाच नसतो.

पूर्ण निकामी म्हणजे काय, यावर एका सुताराचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. सिनेमागृहाचें काम करतांना तो पडला व डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालक म्हणे, एकच हात गेला. डिसेंबर १९७५ मध्यें कोर्टानें सांगितलें कीं, एका हातानें सुतारकाम होत नाहीं, म्हणून तो त्या धंद्यास पूर्ण निकामी झाला. आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणें लागते. सुतारमंडळींनीं हा निकाल ध्यानांत ठेवावा.

ठेकेदार पळाला तरी घाबरूं नका. ज्याचा धंदा तो ठेकेदाराकडून करवून घेत होता त्या मूळ मालकावर दावा चालतो. मृत्यूची भरपाई घरीं आणून देण्याची नाहीं, ती सक्षम अधिकाऱ्याकडे भरावी लागते. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम तेवढी वारसांच्या हातीं देतां येते. महिन्याच्या आंत पैसे न भरले तर शेंकडा बारा व्याज लागतें, आणि सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंडहि. मात्र अर्ज दोन वर्षांच्या आंत केला पाहिजे. उशीर माफ होऊं शकतो, पण त्यावर विसंबूं नये. कारखान्यांत विमा योजनेचें कार्ड असेल तर मागणी मालकाकडे नव्हे, त्या विमा महामंडळाकडे करावयाची. लोटे-परशुरामला जाणाऱ्या पोरांनीं तें कार्ड घरीं दाखवून ठेवावें.

वकिलाची फी कोठून आणावी? १९८७ च्या कायद्यानें स्त्रिया, अनुसूचित जातीजमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना वकील फुकट मिळतो. जिल्हा न्यायालयांत विधि सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे, तेथें जावें. जातांना दवाखान्याचे कागद, पोलिसांचा पंचनामा, हजेरीचा चिटोरा, असेल तें न्यावें. कांहींच नसेल तर सोबत राबणारे दोघे साक्षीला न्यावे. साक्षीला यावयाला लोक कचरतात, कारण उद्यां त्याच खाणींत जावयाचें असतें. तें आम्ही जाणतों, आणि खरी अडचण कायद्यांत नसून तेथेंच आहे.

त्या खाणींतले दोन गडी मात्र तयार झाले. पतीच्या नांवाचा अर्ज आंगठ्याच्या त्या कागदासकट गेल्या महिन्यांत दाखल झाला आहे. पहिल्या तारखेला त्या बाईबरोबर आम्ही जाणार आहों. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं सभा उठल्यावर नांवें द्यावीं.